पत्त्यात गोंदिया राहू द्या

गोंदिया जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ उघडले की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ‘गोंदिया डॉट गव्ह डॉट इन’ असे नाव दिसते. नावातच जिल्हा आहे, आत मराठी आणि इंग्रजीतला मजकूर आहे. आता तिथल्या एखाद्या निविदेच्या किंवा नोकरभरतीच्या पीडीएफवर बोट ठेवा आणि पुन्हा वरच्या पट्टीकडे पाहा. नाव बदललेले असते. तिथे ‘सीडीएन डॉट एसथ्रीवास डॉट गव्ह डॉट इन’ असा पत्ता येतो आणि त्यापुढे आकडे-अक्षरांची एक लांबलचक, निरर्थक माळ. गोंदिया हा शब्द त्यात शोधून सापडत नाही. भंडाऱ्याच्या स्थळावर हेच घडते, गडचिरोलीच्या स्थळावर हेच, आणि सीमेपलीकडच्या बालाघाटच्या स्थळावरही हेच. चार जिल्हे, दोन राज्ये, पण कागदांची फडताळे एकाच वाड्यात. देशातील बहुतेक सर्व जिल्ह्यांची संकेतस्थळे गेल्या काही वर्षांत या एका व्यवस्थेवर हलवली गेली आणि सातशेहून अधिक जिल्हा न्यायालयांची स्थळेही त्याच वाटेने गेली. ही स्थलांतरे योग्यच होती, असे माझे मत आहे. पण अशा स्थलांतरात एक गोष्ट हातून निसटू शकते. ती निसटली की फायदा झाकोळतो. ती गोष्ट म्हणजे कागदाचा कायमचा पत्ता.

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण बोलताना त्यांची सरमिसळ होते. वेबसाइट म्हणजे शेवटी कुठल्यातरी संगणकावर ठेवलेल्या फायली आणि माहितीचे तक्ते. तो संगणक दिवसरात्र चालू ठेवणे, त्याला वीज, थंडावा आणि इंटरनेट पुरवणे, त्याच्यावरचे सॉफ्टवेअर ताजे ठेवणे, या चाकरीला होस्टिंग म्हणतात. डोमेन म्हणजे त्या जागेकडे नेणारे नाव. नाव आणि जागा यांची सांगड डीएनएस नावाची नोंदवही घालते: अमुक नाव विचारले तर तमुक संगणकाकडे पाठवा. जागा बदलली की नोंदवहीतली एक ओळ बदलायची. नाव तेच राहते आणि वाचकाला काही कळतही नाही. स्थलांतर शक्य होते ते या सोयीमुळे. मात्र नाव आपले असेल तरच ही सोय आपली. नावच दुसऱ्याचे असेल, तर जागा सोडताना नावही तिथेच टाकून यावे लागते.

सरकारी स्थळांच्या या वाड्याचे पूर्ण नाव ‘सिक्युअर, स्केलेबल अँड सुगम्य वेबसाइट अ‍ॅज अ सर्व्हिस’. बोलताना एसथ्रीवास. तो चालवते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी. १९७६ साली स्थापन झालेल्या या केंद्राने पुढच्या दशकात निकनेटच्या रूपाने जिल्ह्याजिल्ह्यांपर्यंत संगणक-जाळे नेले आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत आपली शाखा उघडली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, तो काळ सरकारी संकेतस्थळांच्या बाल्यावस्थेचा होता. तेव्हा आणि नंतरही बराच काळ सरकारी स्थळे ज्याला जमेल तशी उभी राहत. रचना वेगळी, सर्व्हर वेगळा, सॉफ्टवेअर वेगळे. ज्याने स्थळ बांधले तो बदलून गेला किंवा कंत्राट संपले की त्या स्थळाची कळ कुणालाच ठाऊक नसे. शेवटची सुधारणा कधी झाली हे सांगणारी तळाची तारीख वर्षानुवर्षे हलत नसे.

गोंदियाच्या लोकांना विखुरलेल्या व्यवस्थेचा त्रास काय असतो हे वेगळे सांगायला नको. गोंदिया-जबलपूर ही छोटी लाइन जोवर अरुंद मापाची होती, तोवर मुंबई-हावडा मार्गावरून आलेल्या माणसाला तिथे गाडी बदलावी लागे आणि मालाचे पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. रुळाचे माप वेगळे म्हणून डबे वेगळे, इंजिने वेगळी, दुरुस्तीचे सुटे भागही वेगळे. टप्प्याटप्प्याने ती लाइन ब्रॉडगेज झाली आणि एकच डबा इकडून तिकडे जाऊ लागला. संकेतस्थळांचेही असेच आहे. शंभर स्थळे शंभर प्रकारच्या सॉफ्टवेअरवर असतील, तर सुरक्षेतले एक भगदाड बुजवायला शंभर माणसे शंभर वेळा बसवावी लागतात. प्रत्यक्षात तेवढी माणसे नसतातच, म्हणून भगदाडे उघडी राहतात. सगळी स्थळे एका मापाची असली तर दुरुस्ती एकदाच होते आणि सालेकशाची माहिती देणाऱ्या पानापासून दिल्लीतल्या मंत्रालयाच्या पानापर्यंत सर्वांना मिळते.

दुसरा फायदा गर्दीच्या वेळचा. जिल्ह्याचे स्थळ एरवी दिवसाला थोडेच लोक पाहतात. पण वैनगंगा आणि बाघ नद्यांना पूर येतो, धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी फिरते, तेव्हा एका तासात सगळे तिथे धाव घेतात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेच्या खोऱ्यात असाच मोठा पूर आला होता. निवडणुकीचा निकाल, भरतीची यादी, धान खरेदीची सूचना, यांच्या दिवशीही तेच होते. एकट्या छोट्या सर्व्हरची तोंडे नेमकी अशाच वेळी बंद होतात. मोठ्या सामायिक व्यवस्थेत मात्र गोंदियाला लागलेली जादा ताकद त्या दिवशी शांत असलेल्या इतर जिल्ह्यांच्या वाट्यातून आपोआप मिळू शकते. ‘स्केलेबल’ या शब्दाचा अर्थ एवढाच. ‘सुगम्य’ हा शब्द मला याहून महत्त्वाचा वाटतो. अंध वाचक स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. ते पानावरचा मजकूर मोठ्याने वाचते. पण चित्राला वर्णन जोडलेले नसेल, तक्त्याची मांडणी चुकीची असेल, तर ते अडखळते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे त्याच्याही आधीची, २००९ सालची. तरीही जिल्ह्यागणिक वेगळा कंत्राटदार असताना ती तत्त्वे कागदावरच राहणे जवळजवळ अटळ होते. साचा एक झाला आणि तो नीट केला, तर सर्व जिल्ह्यांच्या अंध वाचकांसाठी तो एकाच वेळी नीट होतो.

आता सगळ्यांच्या ओठांवर येणारा आक्षेप. सगळेच एका छताखाली नेले आणि छतच जळाले तर? ही भीती कल्पनेतली नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, पाच मजली इमारत खाक झाली आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांनी बॅकअपचे पैसे मोजलेले होते, पण मूळ प्रत आणि बॅकअप एकाच आवारात ठेवलेले निघाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग भडकली आणि ७०९ सरकारी यंत्रणा ठप्प झाल्या. सरकारी कर्मचारी ज्यात आपली कामाची कागदपत्रे ठेवत ती ८५८ टेराबाइटची साठवण कायमची गेली, कारण ती फार मोठी असल्याच्या सबबीवर तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. जगातल्या अत्यंत प्रगत देशांपैकी एकाचे हे उदाहरण आहे. आणि आपल्याकडचे मध्यवर्ती रखवालदारही चुकत नाहीत असे नाही. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाने अनधिकृत डिजिटल प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि देशाच्या प्रमाणन नियंत्रकांना ती रद्द करावी लागली.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण त्यातून विखुरलेली व्यवस्था बरी होती असा निष्कर्ष निघत नाही. स्ट्रासबर्गमध्ये आणि देजॉनमध्ये बुडाले ते, ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी नव्हती. एका जागी असण्याने धोका वाढला खरा, मात्र नुकसान कायमचे झाले ते प्रत नसल्यामुळे. दहा स्थळे दहा ठिकाणी असतील तर दहांपैकी प्रत्येकाची प्रत कोण काढतो? अनुभव जगभर असा की कुणीच काढत नाही. ती दहा स्थळे एकदम जळत नाहीत हे खरे. ती एकेक करून, आवाज न होता संपतात. कंत्राट संपते, डोमेनचे नूतनीकरण राहते, पासवर्ड जाणणारा माणूस निवृत्त होतो. आगीची बातमी होते, या मरणांची होत नाही, म्हणून आपल्याला विखुरलेपण सुरक्षित वाटते. एका छताखाली आल्यावर निदान एकाच जबाबदार माणसाला विचारता येते की प्रत कुठे आहे, किती किलोमीटर दूर आहे आणि ती उघडते का हे शेवटचे कधी तपासले. हा तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

मला खरी काळजी वाटते ती पत्त्याची. मुखपृष्ठाचा पत्ता गोंदियाचा, पण आतल्या कागदाचा पत्ता वाड्याचा, ही सुरुवातीला सांगितलेली गोष्ट किरकोळ तांत्रिक बाब वाटेल. तिचे परिणाम पाहा. भूसंपादनाची एखादी नोटीस शेतकऱ्याने वकिलाला पाठवली, वकिलाने अर्जात तिचा दुवा दिला, पत्रकाराने बातमीत दिला, विद्यार्थिनीने प्रबंधाच्या तळटीपेत दिला, मराठी विकिपीडियावर कुणी संदर्भ म्हणून जोडला. हे सगळे दुवे त्या निरर्थक माळेकडे बोट दाखवतात. दहा वर्षांनी सरकारने एसथ्रीवास सोडून दुसरी व्यवस्था स्वीकारली, तर ‘गोंदिया डॉट गव्ह डॉट इन’ नव्या जागी सुखाने उघडेल. नोंदवहीतली एक ओळ बदलली की काम झाले. पण त्या शेकडो कागदांचे पत्ते जुन्या वाड्याच्या नावावर असतील. वाडा पाडला की ते सगळे एका दिवसात मेले. सरकारी स्थळांची यापूर्वीची स्थलांतरे आठवा. ‘डॉट निक डॉट इन’वरून ‘डॉट गव्ह डॉट इन’वर जाताना किती जुने दुवे तुटले, हे मराठी विकिपीडियावरच्या कुठल्याही जुन्या जिल्हा-लेखाचे संदर्भ उघडून पाहणाऱ्याला चटकन कळते.

माहिती अधिकार कायदा २००५च्या कलम ४ने प्रत्येक कार्यालयाला माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगितले आहे. लोकांना अर्ज करावाच लागू नये हा त्या कलमाचा आत्मा. १९९३ सालच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यातील व्याख्येत संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही अभिलेखात धरली आहे. म्हणजे केंद्राच्या कायद्याने वेबवरचा सरकारी कागद शोभेची वस्तू मानलेला नाही, तो अभिलेख आहे. रेकॉर्ड रूममधल्या बस्त्याचा क्रमांक आपण दर सात वर्षांनी बदलून जुना फाडून टाकत नाही. मग कागदाचा वेबवरचा क्रमांक का बदलू द्यायचा? उपाय अवघड नाही, खर्चिकही नाही. जिल्ह्याने प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक फायलीला जिल्ह्याच्याच नावाखालचा पत्ता द्यावा. प्रत्यक्ष फाइल कुठल्याही वाड्यात असो, गोंदियाच्या पत्त्यावर विचारणा आली की व्यवस्थेने तिला तिथे वळवावे. या वळणाला संगणकाच्या भाषेत ३०१ म्हणतात. त्याचा अर्थ ‘कायमचे हलले, इकडे या’. पोस्टमन जसे घर बदललेल्या माणसाचे पत्र नव्या पत्त्यावर पाठवतो, तसेच.

जे जिल्हा प्रशासनाला लागू, तेच गावच्या वाचनालयाला, महाविद्यालयाला, पतसंस्थेला, झाडीबोलीत लिहिणाऱ्या कवीला लागू. अशांचे सहसा एक स्थळ नसते. एक फुकटचा ब्लॉग, एक कुणी भाच्याने करून दिलेली वेबसाइट, संमेलनापुरते घेतलेले एक डोमेन, असा पसारा असतो. तो एका होस्टिंगवर आणावा, असे मी ठामपणे म्हणेन. वर्षाला वेगवेगळी बिले भरण्यापेक्षा एक भरणे सोपे आणि एक विसरण्याची शक्यताही कमी. पण मराठी मजकूर हलवताना काही अडचणी खास आपल्या आहेत आणि इंग्रजी मार्गदर्शकांत त्या सापडत नाहीत.

पहिली अडचण ब्लॉगस्पॉटची. ही सेवा शीर्षकातली रोमन अक्षरे घेऊन लेखाचा पत्ता बनवते. शीर्षक निखळ देवनागरीत असेल तर तिला घ्यायला काही मिळत नाही आणि ती पत्त्यात नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ असे लिहिते, पुढच्या लेखाला त्यामागे एक आकडा. म्हणून मराठी ब्लॉगांचे जुने पत्ते बघितले तर वर्ष, महिना आणि ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढेच दिसते. आता असे दोन ब्लॉग एकाच डोमेनखाली एकत्र केले, तर दोन वेगळ्या लेखांचा पत्ता तंतोतंत एकच निघतो. दोन्ही ब्लॉगांत मे २०११चा एकेक लेख असला की टक्कर झालीच. एकाला नवे नाव द्यावे लागते आणि जुन्या नावावरून त्याकडे वळण लावावे लागते. इथे घाई केली तर एक लेख दुसऱ्याच्या खाली कायमचा गाडला जातो. शिवाय ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावरून बाहेर ३०१चे वळण आपल्याला हवे तसे लावता येत नाही. त्यावर तोड अशी: ब्लॉग तिथेच असताना आधी स्वतःचे डोमेन विकत घेऊन त्याला जोडावे. मग ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता आपोआप आपल्या डोमेनकडे वळू लागतो. वाचक आणि गूगल दोघांना नव्या नावाची सवय झाली की मगच घर हलवावे.

दुसरी अडचण लिपीची. यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत रोमन अक्षर १ बाइट जागा घेते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट. ‘गोंदिया’ या शब्दात मात्रा आणि अनुस्वार धरून ७ चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. हाच शब्द वेब-पत्त्यात गेला की दर बाइटचे तीन वर्ण होतात आणि एकूण ६३ वर्णांची जागा लागते. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० वर्णांची मर्यादा घालते. गोंदियाएवढे तीन शब्द आले की ती भरली. त्यापुढचे शीर्षक कापले जाते, म्हणून मराठी पत्ते अर्ध्यावर तुटलेले दिसतात. स्थलांतरात नवे सॉफ्टवेअर ते वेगळ्या ठिकाणी कापू शकते आणि मग दुवा जुळत नाही. तिसरी अडचण त्याहून क्रूर. जुन्या डेटाबेसमध्ये मजकूर एका लिपी-संकेतात साठवलेला आणि तक्त्यावर नाव दुसऱ्याच संकेताचे असे असू शकते. एरवी ते झाकले जाते. निर्यात-आयात करताना संगणक त्या नावावर विश्वास ठेवतो आणि संपूर्ण मराठीची प्रश्नचिन्हे किंवा विचित्र रोमन खुणा होतात. त्याहून जुनी स्थळे युनिकोडपूर्व फाँटवर लिहिलेली असतात. तिथे मजकूर मुळात रोमन अक्षरांचाच असतो, फाँटने त्याला मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. फाँट हरवला की मजकूरही हरवला. अशी स्थळे हलवण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायलाच हवीत. तो मजकूर एका माणसाने ओळन् ओळ वाचून तपासायला हवा, कारण रूपांतर करणारे सॉफ्टवेअर जोडाक्षरांत आणि रफारात चुका करते.

काहींना वाटेल की मग फुकटचा ब्लॉगच बरा, कशाला हा खटाटोप. त्यांनी जिओसिटीज आठवावे. एकेकाळी लाखो लोकांची पाने फुकट ठेवणारी ही सेवा याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. इंटरनेट अर्काइव्हसारख्यांनी वाचवले तेवढे वाचले. फुकट जागेच्या मालकावर आपला हक्क चालत नाही. दुसरा एक आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो: एका साच्यात गेले की सगळे सारखे दिसते, गोंदियाचे गोंदियापण जाते. सरकारी स्थळापुरते मी म्हणेन की सारखेपणा हा तिथे गुण आहे. तिरोड्याहून पुण्याला बदलून गेलेल्या माणसाला दोन्हीकडे ‘सूचना’ एकाच कोपऱ्यात सापडावी. पण झाडीबोलीच्या मंडळाने, गोंडी किंवा पोवारीत लिहिणाऱ्याने सरकारी साचा उचलण्याचे कारण नाही. होस्ट एक असणे आणि रूप एक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच सर्व्हरवर दहा स्थळे दहा रूपांत नांदू शकतात. फक्त प्रत्येकाला सर्व्हरवर वेगळे खाते द्यावे. सगळी एकाच खात्यात कोंबली, तर एकात शिरलेला चोर आतल्या दाराने बाकीच्या नऊंत जातो. छोट्या संस्थांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

हलवण्याचा दिवसही तसा शांतपणे काढता येतो. छोटी लाइन मोठी करताना गाड्या दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या, इथे तसे नाही. जुने स्थळ चालू ठेवून नवे शेजारी उभे करावे, आपल्यापुरते उघडून तपासावे आणि मग नाव वळवावे. नोंदवहीतली ओळ इतर संगणक किती वेळ लक्षात ठेवतात याची एक मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. ती आदल्या दिवशी एक दिवसावरून पाच मिनिटांवर आणली की बदल लगेच सर्वांपर्यंत पोहोचतो आणि काही चुकले तर माघारही पाच मिनिटांत घेता येते. डोमेनवरचे ईमेल वेगळ्या ओळीवर चालते, ते विसरले तर वेबसाइट उत्तम चालते आणि संस्थेची पत्रे मात्र हवेत विरतात. जुन्या होस्टचे पैसे आणखी महिनाभर भरावेत. आणि हे सगळे करण्याआधी डोमेन कुणाच्या नावावर नोंदलेले आहे ते पाहावे. पुष्कळदा ते वेबसाइट बांधून देणाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर असते. ते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आणि पुढच्या अनेक वर्षांच्या नूतनीकरणासह येईपर्यंत एकही फाइल हलवू नये.